किलिमांजारोचा परवाना: अर्ज कोण करतं, कागद कोणते लागतात आणि दिवस का मोजायचे

किलिमांजारोला जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "परवान्याचा फॉर्म कुठे भरायचा?" तर तो तुम्ही भरायचाच नसतो. टांझानियातल्या या ५८९५ मीटर उंच डोंगरावर एकट्यानं जाता येत नाही. १९९१ पासून इथे परवानाधारक गाईड सक्तीचा आहे. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाकडे नोंदणी करणं, शुल्क भरणं, वाट आणि मुक्काम ठरवून घेणं ही सगळी कामं तिथली ट्रेकिंग कंपनी तुमच्या वतीनं करते. तुमच्याकडे दोनच गोष्टी उरतात. आपले कागद चोख ठेवणं, आणि ती कंपनी तुमच्या नावावर डोंगरात किती दिवस टाकते आहे ते बघणं. दुसरी गोष्ट फार थोडे जण विचारतात आणि ज्यांची चढाई फसते त्यांच्यापैकी बहुतेकांची तिथेच फसते. म्हणून कागद आधी उरकून घेऊ, मग दिवसांकडे सावकाश येऊ.

कोण जाऊ शकतं

शिखरासाठी वयाची किमान अट १० वर्षांची आहे, वरची मर्यादा नाही. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सचं सर्टिफिकेट लागत नाही, आधीच्या चढाईचा पुरावाही कुणी मागत नाही. नेहमीच्या वाटांवर दोर लावायची वेळ येत नाही, शेवटपर्यंत चालतच जायचं असतं. त्यामुळेच २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला शिखरावर तिरंगा फडकवायचा म्हणून आपल्याकडून इतके गट जातात.

पण पात्रतेची खरी यादी उद्यानाच्या गेटवरच्या पाटीवर रंगवलेली असते. घसा दुखत असेल, सर्दी असेल, श्वासाचा त्रास असेल तर ३००० मीटरच्या वर जाऊ नका. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका. दिवसाला चार ते पाच लिटर पाणी प्या. शक्य असेल तर एखाद्या मुक्कामी एक दिवस जास्त थांबा. आमच्या गटातले लोक त्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढत होते, वाचत कुणीच नव्हतं. ती घरीच वाचा आणि रक्तदाब, मधुमेह, दमा यांपैकी काही असेल तर निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. कंपनी तुमच्याकडून आरोग्याची माहिती लिहून घेते, तिथे काहीही लपवू नका. रात्री साडेचार हजार मीटरवर तुमच्याबद्दल निर्णय घेणारा गाईड त्या कागदावरच विसंबून असतो.

तुमचे कागद

पासपोर्ट टांझानियात पोहोचल्यापासून किमान सहा महिने चालणारा हवा. व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. भारतीयांना एका प्रवेशाच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क ५० डॉलर आहे, मुक्काम ९० दिवसांपर्यंत. पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन, फोटो आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गो डॉट टीझेड' असा संपतो. दिसायला तशीच पण जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, तेव्हा कार्डाचा नंबर टाकण्यापूर्वी पत्त्याचं शेपूट नीट बघा. मंजुरीचं पत्र छापून जवळ ठेवा.

आता नावाचं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायची पद्धत आहे आणि पासपोर्टवर ते कधी 'गिव्हन नेम'मध्ये असतं, कधी नसतं. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावावर, असंही होतं. तिकीट, व्हिसा आणि लशीचं कार्ड या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर जुळेल असं हवं.

लस म्हणजे यलो फीव्हरची, पीतज्वराची. ज्या देशांत पीतज्वराचा धोका आहे तिथून येणाऱ्यांकडे, किंवा अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबून आलेल्यांकडे, टांझानिया हे प्रमाणपत्र मागतं. मुंबईहून जाणारे बरेच जण अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलतात आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही त्या यादीतले देश आहेत. परतताना आपल्या विमानतळावरचे आरोग्य अधिकारीही हे पिवळं कार्ड विचारू शकतात, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमान उशिरा सुटून थांबा कधी लांबेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: लस घेऊनच निघा. ती केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, मूळ पासपोर्ट न्यावा लागतो, आणि प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात. गरोदर असाल, अंड्याची ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीपुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

विम्याच्या बाबतीत एकच बघा. साध्या प्रवास विम्यात उंचावरचा ट्रेक बहुधा वगळलेला असतो. ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरनं सुटका या दोन्ही गोष्टी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेल्या हव्यात.

कंपनीचे कागद

इथल्या एजन्सीचं नाव पुरत नाही. पुण्या-मुंबईची एजन्सी गट जमवते, सोबत आपला लीडरही देते, पण उद्यानात तुम्हाला नेतं कोण, तर टांझानियाचा पर्यटन परवाना असलेली कंपनी. त्या परवान्याला तिथे 'टाला' म्हणतात. पैसे देण्यापूर्वी त्या कंपनीचं नाव आणि चालू वर्षाचा परवाना मागा. ती कंपनी 'केपॅप'ची भागीदार आहे का, हेही विचारा. ही टांझानियातल्या मोशी गावातली, पोर्टरांसाठी म्हणजे डोंगरात ओझी वाहणाऱ्यांसाठी काम करणारी संस्था, आणि पोर्टरांना मजुरी, जेवण, तंबू नीट मिळतो का हे ती तपासते.

दिवस

उद्यानाचं शुल्क दिवसांवर चालतं. परदेशी प्रौढासाठी संवर्धन शुल्क दिवसाला ७० डॉलर, तंबूचा मुक्काम रात्रीला ५०, मारंगू वाटेवरच्या लाकडी झोपड्यांत रात्रीला ६०, बचाव शुल्क पूर्ण चढाईला मिळून २०. त्यावर १८ टक्के व्हॅट. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे कोटेशनमध्ये हे आकडे वेगळे मांडून मागा. मचामे वाटेनं सात दिवस, सहा रात्री धरल्या तर ४९० अधिक ३०० अधिक २०, म्हणजे ८१०, आणि व्हॅट धरून साधारण ९५६ डॉलर. हे सरळ उद्यानाला जातात. आता कुणी सगळं मिळून १२०० डॉलरमध्ये नेतो म्हणालं, तर उरलेल्या अडीचशेत तुमचं सात दिवसांचं जेवण, गाड्या, आणि गाईड, स्वयंपाकी, पोर्टर यांची मजुरी कशी बसवणार? ती मजुरी कापूनच बसते.

नाहीतर दिवस कापतात. मारंगूची वाट पाच दिवसांतही करतात. पहिली रात्र मंदारा २७२० मीटर, दुसरी होरोंबो ३७२०, तिसऱ्या दिवशी किबो ४७२० आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे. रोज हजार मीटर वर, आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला उसंत नाही. आमच्या ओळखीचे एक काका असेच पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये गेले. रोज पहाटे पर्वती चढणारा माणूस, पण किबोच्या झोपडीत संध्याकाळी सूप पोटात राहिना, डोकं धरून बसले, आणि बाकीचे रात्री बारा वाजता हेडलाइट लावून निघाले तेव्हा ते एका गाईडबरोबर खाली उतरत होते. होरोंबोला एक रात्र जास्त थांबायचं असतं तर झोपडीचे आणि दिवसाचे मिळून १३० डॉलर, व्हॅट धरून १५३ पडले असते. मुंबईहून येण्याजाण्याच्या विमानभाड्यापुढे ते काय होते?

मारंगू असेल तर सहा दिवस, मचामे असेल तर सात, लेमोशो असेल तर आठ, याच्या खाली मी कुणालाही जाऊ देणार नाही. मचामे आणि लेमोशोवर 'लावा टॉवर' नावाच्या खडकापाशी ४६०० मीटरच्या वर जाऊन पुन्हा बारांकोच्या मुक्कामाला ३९०० च्या आसपास झोपायला उतरतात. ही चढ-उतर शरीराला फार उपयोगी पडते.

गेटवर

पहिल्या सकाळी गेटवर गाईड परवान्याचं काम करतो, तोवर तुम्ही नोंदवहीत नाव, वय, देश, व्यवसाय, पासपोर्ट क्रमांक लिहून सही करायची. पुढे प्रत्येक मुक्कामाला रेंजरच्या खोपटात हेच, म्हणून पासपोर्ट क्रमांक पाठ असू द्या. बाजूला काट्यावर पोर्टरांची ओझी मोजतात. एका पोर्टरला २० किलोची मर्यादा आहे आणि त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलं. म्हणून पोर्टरकडे द्यायची तुमची डफल बॅग १५ किलोच्या आत हवी. मचामे गेटला आमच्या एका बॅगेतून दोन किलो लाडू-चिवडा निघाला. तो उचलून दुसऱ्या पोर्टरच्या पाठीवर गेला आणि त्या मुलानं काही न बोलता पट्टा पुन्हा आवळला. तेवढा खाऊ आपल्या पाठीवर घ्यावा. तोही कापडी पिशवीत, कारण टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही उद्यानात चालत नाहीत. ड्रोन घरीच ठेवा, वेगळ्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

उतरताना मचामे आणि लेमोशोचे लोक म्वेका गेटला बाहेर पडतात. त्या गेटची उंची सुमारे १६४० मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईइतकीच. तिथे शेवटची सही करायची आणि गाईडनं साक्ष दिली की प्रमाणपत्र मिळतं. शिखराआधी विवराच्या कडेवर असलेल्या गिलमन्स पॉइंट किंवा स्टेला पॉइंटपर्यंत पोहोचलेल्यांनाही ते मिळतं, उहुरू या सर्वोच्च शिखराचं वेगळं. त्यावर नाव, वय, तारीख लिहिलेली असते. नावाचं स्पेलिंग खिडकीपाशीच तपासा, चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुसरं लिहून मागा.