झेब्रा शिंपल्यांच्या घुसखोरीची पार्श्वभूमी

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात जून १९८८ मध्ये झेब्रा शिंपला सापडला आणि एकच गडबड उडाली. पण तोवर त्याची भटकंती सुरू होऊन दीडशेहून जास्त वर्षं लोटली होती.

त्याचं मूळ घर काळा समुद्र आणि कास्पियन समुद्राच्या परिसरात. पीटर पलास या निसर्गशास्त्रज्ञाने रशियाच्या मोहिमेवर असताना १७७१ साली त्याची नोंद केली. त्याच सुमारास काळ्या समुद्राकडे वाहणारी नीपर नदी कालव्यांनी बाल्टिककडच्या नद्यांना जोडली जाऊ लागली. या जलमार्गांवरून माल निघाला, त्याच्या जोडीने शिंपलेही निघाले. १८२४ साली ते लंडनच्या गोदीत होते.

बोटाच्या पेराएवढा हा पट्टेरी जीव स्वतः फारसा हलत नाही. गोम आहे त्याच्या अळीत. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासा जाईल तिथेच ती जाणार. झेब्राच्या अळ्या मात्र समुद्री शिंपल्यांच्या अळ्यांसारख्या काही आठवडे पाण्यात मोकळ्या तरंगतात आणि नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. अळी मोठी झाली की चिवट धागे सोडून दगड, पाइप, होडीचा तळ, नाहीतर दुसऱ्या शिंपल्याची पाठ, मिळेल ते घट्ट धरून बसते.

अटलांटिकचं खारं पाणी तिला सोसवत नाही, तरी ती पलीकडे पोचली. रिकामं जहाज तोल राखायला टाक्यांत बंदराचं पाणी भरून घेतं आणि पलीकडे माल चढवताना ते सोडून देतं. सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९ साली खुला झाल्यापासून मोठी सागरी जहाजं थेट सेंट क्लेअरच्या शेजारच्या पंचमहासरोवरांत येऊ लागली होती. डिसेंबर १९८९ मध्ये मिशिगनमधल्या मनरो शहराचं पाणी तुटलं, कारण ईरी सरोवरातून पाणी घेणारा पाइप शिंपल्यांनी आणि बर्फाने चोंदला होता. तोल राखण्याच्या पाण्याबद्दलचा अमेरिकी कायदा १९९० मध्ये झाला; आंतरराष्ट्रीय करार अमलात यायला मात्र २०१७ उजाडलं. इतका उशीर अक्षम्यच म्हणायला हवा.

(याच कुळातला, मचूळ पाण्यात राहणारा एक अमेरिकी शिंपला आपल्याकडेही येऊन बसला आहे: १९६०च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात.)

तिकडे पंचमहासरोवरांत झेब्राच्या मागोमाग युक्रेनकडचा क्वागा शिंपला आला, आणि तो झेब्राला पुरून उरला. त्याला खोल, थंड पाणी आणि मऊ गाळही चालतो. मिशिगन सरोवरात त्याने झेब्राला जवळपास हुसकावूनच लावलं. पाणी नितळ झालं म्हणून काहीजण खूश होते. पण शिंपल्यांनी पाण्यातून गाळून खाल्ले ते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव; त्यांच्यावरच तिथल्या माशांची सगळी अन्नसाखळी उभी होती.

पश्चिमेकडे त्यांना ट्रेलरवरच्या होड्यांनी नेलं असावं. जानेवारी २००७ मध्ये क्वागा लेक मीडमध्ये, हूवर धरणाच्या जलाशयात सापडला. वायव्येकडच्या कोलंबिया नदीचं खोरं तेवढं बचावलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच खोऱ्यातल्या स्नेक नदीत, आयडाहोतल्या ट्विन फॉल्सजवळ क्वागाच्या अळ्या मिळाल्या. नदीत तांबंयुक्त औषध सोडलं गेलं, त्यात मासेही मेले. पुढच्या वर्षी अळ्या पुन्हा सापडल्या आणि औषध पुन्हा सोडावं लागलं.