बॉर्डरलाइन म्हणजे सौम्य बायपोलर नव्हे

"सकाळी हासत होती, दुपारी रडत होती. बायपोलरच असन ना, सिस्टर?" नागपुरात मानसोपचार वॉर्डात पोस्टिंगला येणारी जवळपास प्रत्येक बॅच मला हे विचारते. नातेवाइकांनी विचारलं तर समजू शकते; नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला हे यायलाच हवं.

बायपोलर, म्हणजे उन्मादाच्या (अतिउत्साहाच्या) आणि नैराश्याच्या लाटा येणारा आजार, तुम्ही शिकलेल्या आहात, तो पाठ परत देत नाही. चिडचिड, उधळपट्टी, आत्महत्येचे विचार बायपोलर आणि बॉर्डरलाइन दोन्हींत दिसतात, त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते दोन गोष्टींवर: मनःस्थिती किती वेळ टिकते आणि कशाने बदलते. उन्माद म्हणायला तो सहसा किमान ७ दिवस टिकावा लागतो (भरती करावं लागलं तर ही अट नसते), नैराश्य २ आठवडे. कारण घडो न घडो, ती लाट आपल्या गतीने चालते. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात भावना काही तासांत उलटते आणि मागे बहुतेक वेळा माणूस असतो: न आलेला फोन, भेटीला न आलेली आई, सुटीवर गेलेली आवडती सिस्टर. 'आपल्याला सोडून जातील' ही भीती त्याच्या मुळाशी असते.

झोपेचं विचारा. उन्मादातला पेशंट दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. भांडणानंतर रात्रभर रडलेली बॉर्डरलाइन मुलगी सकाळी गळून गेलेली असते. (दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा; निरीक्षण मात्र तुमचं आहे.)

उन्मादात वॉर्ड शांत ठेवायचा, वाद घालायचा नाही, पोळीची गुंडाळी किंवा केळं हातात द्यायचं, कारण ताटावर तो बसणारच नाही. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर मे महिन्यात जास्तच डोळे उघडे ठेवा. पारा ४५ कडे जातो, घामाने पाणी-मीठ कमी होतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, झोक जाऊ लागला, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

बॉर्डरलाइनमध्ये मुख्य उपचार मानसोपचाराच्या बैठकींचा आहे, औषधं पूरक. आणि तिथे नर्सचं वागणंच अर्धी शुश्रूषा असते. "तुम्हीच चांगल्या, रात्रीच्या सिस्टर वाईट" हे ऐकून सुखावू नका. तिन्ही पाळ्यांत उत्तर एकच मिळालं पाहिजे, म्हणून पाळी बदलताना ओव्हर देता तेव्हा ते बोलून ठरवा. पाळता येईल तेवढंच कबूल करा. सुटीवर जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. तिने स्वतःला इजा केली असेल तर शांतपणे ड्रेसिंग करा, त्याआधी काय घडलं ते विचारा, जिवाचा धोका दर वेळी नव्याने तपासा. "नाटक करते" हे वाक्य माझ्या वॉर्डात कोणी उच्चारलेलं मी खपवून घेत नाही. तिचं दुखणं खरं असतं.

तसाच 'मूड स्विंग्ज' हा शब्द. नोंदीत तो लिहूच नका. त्यातून सकाळच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. असं लिहा: "दुपारी ३:१० ला आईने येणार नसल्याचं कळवलं. ३:२० ला रडणं, जेवणाचा डबा भिरकावला. ४:३० ला शेजारच्या पेशंटसोबत कॅरम खेळत होती."