पार्श्वभूमी : 'थेट बागेतून' हापूस

मार्च उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतोच. 'अस्सल देवगड हापूस, थेट बागेतून घरपोच. पाच डझनी पेटी. नैसर्गिकरीत्या पिकवलेला, कार्बाइडमुक्त. शनिवारी गाडी. दरासाठी पर्सनलवर विचारा. माझा नंबर सेव्ह करून ठेवा.' नंतर पिवळ्याधमक फळांचे तीन फोटो. आपण तो वाचतो न वाचतो आणि खाली सरकतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या तरी भांडणातून किंवा निर्णयातून आलेला आहे.

हापूस आणि पोर्तुगीज हा भाग सगळ्यांना पाठ आहे, तो सोडतो. आपल्या कामाची गोष्ट नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारापासून सुरू होते. बागायतदाराने पेटी भरून पाठवायची, भाव तिकडे ठरायचा आणि काही दिवसांनी हिशेबाची पट्टी यायची. तीत हमाली, तोलाई, अडत म्हणजे दलाली वजा होऊन खाली जो आकडा उरे तो त्याचा. पावसाळ्यात खत-फवारणीसाठी ज्या दलालाकडून उचल घेतली, माल त्याच्याच गाळ्यावर जायचा. भाव पटला नाही म्हणून दुसरीकडे वळायची सोय नव्हती.

याला समांतर एक छोटा रस्ता मात्र कायम चालू होता. लालबाग-परळच्या चाळींतून चाकरमान्यांकडे 'गावची पेटी' यायची, एसटीच्या टपावरून किंवा ओळखीच्या ट्रकमधून. मग शेजारी म्हणायचे, आमच्यासाठीही दोन सांगा. पैसे मे महिन्यात गावी जाताना हातात. वहीत नावं, नावापुढे डझन. सोशल मीडियावरच्या आंबाविक्रीचा खरा पूर्वज हाच. जाहिरातशास्त्र वगैरे पुढे आलं, वही आधीपासून होती.

२०१६ साली तीन गोष्टी जुळून आल्या, एकमेकींशी काही संबंध नसताना. फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा शंभरावरून २५६ झाली. जुलैत राज्याने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, म्हणजे तो समितीच्या आवाराबाहेरही विकायची मुभा दिली, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, मग ते निवळले. सप्टेंबरात जिओ आलं आणि खेड्यातल्या पोराला फोटो पाठवताना डेटा मोजायची गरज उरली नाही. नियमनमुक्तीवर तेव्हा अग्रलेख झाले, सगळे कांदा-टोमॅटोभोवती. आंब्याच्या बाबतीत तिचा सर्वात मोठा उपयोग फोनवर होणार आहे हे फारसं कुणी लिहिलं नाही.

पहिल्या दोन हंगामांत सगळी मदार फॉरवर्डवर होती. एका भाच्याने मेसेज टाकायचा, त्याच्या मावशीने भिशीच्या ग्रुपवर, तिथून ऑफिसात. फुकटात एवढी पोच फेसबुकच्या पेजवरूनही मिळत नव्हती. तिथली फुकटची पोच आधीच आटत चालली होती आणि जानेवारी २०१८ मधल्या बदलानंतर घरच्यांच्या व मित्रांच्या पोस्टना झुकतं माप मिळून धंद्याची पेजेस आणखी मागे पडली. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डला मात्र १ जुलै २०१८ ला ग्रहण लागलं, आणि त्याचा आंब्याशी काही संबंध नव्हता. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. अशा घटना देशभर झाल्या आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं बंधन आलं. ते योग्यच होतं. पण पुढच्या हंगामात बागायतदारांच्या लक्षात आलं की आपला मेसेज पूर्वीसारखा पळत नाही.

'माझा नंबर सेव्ह करा' ही ओळ रुजली ती याच काळात. एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा धाडणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घालता येतात, पण ज्याच्याकडे तुमचा नंबर साठवलेला असतो त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे आधी ओळख, मग जाहिरात. नव्या यंत्राने जुन्या वहीचाच नियम परत लावला म्हणायचा. २०१८ च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅपही आलं होतं. त्यातल्या रंगीत लेबलांचा उपयोग 'पैसे आले', 'पेटी गेली', 'तक्रार' असा व्हायला लागला.

मग २०२०. टाळेबंदी २५ मार्चला लागली, ऐन तोडणीच्या तोंडावर. मुंबई-पुण्यातले बाजार कधी चालू, कधी बंद. मे महिन्यात तर वाशीचा बाजार आठवडाभर बंदच होता. झाडावरचं फळ काही थांबत नव्हतं. त्यातच शहरातून गावी परतलेली पोरं लॅपटॉप घेऊन पडवीत बसलेली. बापाने पेट्या भरायच्या आणि पोराने गुगल फॉर्म. एसटीने रिकाम्या गाड्या मालवाहतुकीला लावल्या, त्यांतून रत्नागिरीहून मुंबईला पेट्या गेल्या. पैसे यूपीआयने आगाऊ.

त्या वर्षी कोथरूडच्या आमच्या सोसायटीची यादी माझ्याकडे होती. तीन रकाने : फ्लॅट नंबर, डझन, कच्चा की तयार. टेम्पो फाटकाबाहेर थांबायचा, पेट्या वॉचमनच्या टेबलावर, आणि एकेक मजला खाली उतरायचा. चौथ्या मजल्यावरच्या एका पेटीतल्या सात आंब्यांत साका निघाला. साका म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा बिघाड. तो बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. त्या बाईंनी कापलेल्या फोडींचा फोटो सरळ ग्रुपवर टाकला. बागायतदाराने वाद न घालता पुढच्या गाडीला एक डझन जास्तीचा पाठवला आणि ग्रुपवर चार ओळींत साका का होतो ते लिहिलं. त्या आठवड्यात यादी जवळपास दुप्पट झाली. पिवळ्याधमक फोटोंनी इतकं काम कधीच केलं नव्हतं.

आता 'थेट' या शब्दाकडे. २०२० मध्ये तो बहुतांशी खरा होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागा झोडपल्या तेव्हाही लोकांनी बागायतदारांची नावं शोधून ऑर्डरी दिल्या. पण तोवर शहरातल्या ज्यांनी सोसायटीची यादी सांभाळली होती त्यांनाच धंद्याची वाट दिसली होती. दोन-तीन बागांतून माल उचलायचा, आपल्या नावाची खोकी छापायची आणि इन्स्टावर टाकायचं. टिकटॉक जून २०२० च्या अखेरीस भारतात बंद झालं, दहा दिवसांत इन्स्टाच्या रील्स आल्या, आणि आंबा कापतानाचा चाकू हे त्या हंगामांचं ठरलेलं दृश्य झालं. या मंडळींनी बागायतदाराला वाशीपेक्षा चांगला दर दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मधे एक माणूस आला की 'थेट' उरत नाही. कुणी म्हणतं, माझे काका बागायतदार, म्हणजे थेटच. कुणी बाग करारावर घेतो आणि 'आमची बाग' म्हणतो. कुणी नुसता वाशीहून माल आणून सकाळी रील करतो. शब्द तिघांचा एकच. दर उघड न सांगण्याची पद्धतही इथलीच : हापूसचा भाव मार्च ते मे सतत उतरत जातो, आणि आकडा ग्रुपवर पडला की गेल्या आठवड्यात महाग घेतलेले आधी जाब विचारतात.

'देवगड' हा शब्द याहून अवघड. हापूसच्या भौगोलिक मानांकनासाठी, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणाऱ्या नोंदीसाठी, पहिला अर्ज २००८ चा. त्यानंतर दहा वर्षं नावावरून घोळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला कोकणचा म्हणून एक हापूस हवा होता. देवगडवाल्यांना वाटे आपल्या नावाला वेगळी किंमत आहे, रत्नागिरीवाल्यांनाही तेच वाटे, आणि रायगड-पालघरच्या बागायतदारांना आपण यातून गळू अशी भीती. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी एकच 'हापूस' नोंदला गेला. कागदावर भांडण मिटलं. पण गिऱ्हाईक 'पाच जिल्ह्यांचा हापूस' मागत नाही, 'देवगड' मागतं. त्यामुळे ज्या नावासाठी वेगळी नोंद हवी होती ते नाव प्रत्येक मेसेजमध्ये मोकाट फिरत राहिलं. शिवाय संस्थेला मानांकन मिळालं म्हणून बागायतदाराला आपोआप मिळत नाही. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती केलेले आणि न केलेले, दोघांचे फोटो ग्रुपवर सारखेच पिवळे.

माझं मत विचाराल तर एकच नाव ठेवण्याचा निर्णय कर्नाटकच्या मालापासून बचाव म्हणून ठीक होता, ऑनलाइन विक्रीसाठी तोकडा. बाजारात गाळ्यावर फळ हातात घेऊन, हुंगून घेता येतं. मोबाइलवर नावाखेरीज काही हातात नसतं. कर्नाटकचा हापूस कोकणी पेटीत भरून विकण्याची तक्रार जुनीच आहे. मोबाइलने तिला पेटीचीही गरज ठेवली नाही. दरम्यान २०२३ मध्ये गुजरातेतून 'वलसाड हापूस'साठी अर्ज गेला आणि कोकणात त्यावर हरकतींची तयारी सुरू झाली. जुन्नरकडूनही 'शिवनेरी हापूस'ची मागणी आहे.

२०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या संस्थेने यावर स्वतःचा तोडगा काढला. प्रत्येक फळावर छेडछाड केली की फाटणारं स्टिकर. त्यावरच्या क्रमांकाचा एक भाग दिसतो, दुसरा स्टिकरच्या मागे दडलेला असतो. फोटो काढून ठरलेल्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवला की उलट प्रश्न येतो : मागचा आकडा सांगा. स्टिकर बागायतदाराला त्याच्या झाडांच्या हिशेबाने मिळतात, म्हणजे शंभर झाडांच्या बागेतून हजार झाडांचा 'देवगड' निघायला नको. या वर्षी आमच्या ग्रुपवर आलेल्या पहिल्या मेसेजात 'अस्सल' हा शब्द नव्हता. त्या जागी होतं, 'स्टिकरसह'. खाली दुसऱ्या एका विक्रेत्याने लगेच लिहिलं, 'आमचा बिनस्टिकरचा, पण थेट बागेतून.'