सोसायटीतल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करताना: परवानगी कोणाची, अर्ज कसा, कागदपत्रं कोणती

ओटा बदलायचा ठरलं की आधी ग्रॅनाइटचे नमुने पाहिले जातात आणि सोसायटीचा अर्ज ठेकेदाराची माणसं दारात उभी राहिल्यावर घाईत लिहिला जातो. त्या अर्जात एकच ओळ असते, ‘किचनचं रिनोव्हेशन करायचं आहे, परवानगी मिळावी.’ असा अर्ज कमिटीपुढे अडकला तर नवल नाही, कारण कमिटीला हव्या असलेल्या तीन गोष्टींपैकी त्यात एकही नसते: पाण्याची जागा बदलते का, स्लॅबवर वजन वाढतं का, आणि भिंत, कॉलम किंवा बीमला हात लागतो का. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे.

परवानगी नेमकी कोणाची?

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) फ्लॅटमध्ये फेरबदल करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची, म्हणजे कमिटीची, लेखी परवानगी लागते. सेक्रेटरींनी जिन्यात मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

महापालिकेचं वेगळं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या देखभाल-सुधारणेला विकास परवानगीतून सूट आहे. मुंबईत महापालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३४२ लागू होतं. लाद्या बदलणं, गिलावा, रंग, ड्रेनेजचे पाइप, नळ आणि विजेच्या वस्तू दुरुस्त करणं किंवा बदलणं ही किरकोळ दुरुस्ती, तिला नोटीस लागत नाही. पण बांधकामाची मापं बदलली, जमिनीची पातळी खाली नेली किंवा पोटमाळा वाढवला, तर ती सवलत संपते. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली पाहावी लागते.

म्हणजे ओटा, टाइल्स, कपाटं, नळ एवढंच असेल तर सोसायटीची परवानगी पुरते. ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्या-भांड्यांची छोटी बाल्कनी) स्वयंपाकघरात ओढून घ्यायची असेल, खिडकी मोठी करायची असेल किंवा भिंत पाडायची असेल, तर आधी मंजूर नकाशा काढा आणि परवानाधारक आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ड्राय बाल्कनीबद्दल ‘सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर सर्रास ऐकू येतं. नोटीस आली की ते कामाला येत नाही. सोसायटीने हो म्हटल्याने महापालिकेची परवानगी आपोआप मिळत नाही, आणि उलटंही नाही.

अर्ज कोणी करायचा?

सभासदाने. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या घ्या. भाडेकरूला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही, मालकाने करावा. मालक परगावी किंवा परदेशात असेल तर मुखत्यारपत्राची प्रत जोडावी लागते. सभासदाचं निधन झालंय आणि हस्तांतरण व्हायचंय अशा फ्लॅटचं प्रकरण इथे हमखास रखडतं. आधी हस्तांतरण मार्गी लावा.

अर्जासोबत काय जोडायचं?

शेअर सर्टिफिकेटची किंवा इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा) ची प्रत, ठेकेदाराचं नाव-पत्ता, मजुरांची यादी व ओळखपत्रांच्या प्रती, कामाची सुरुवात आणि शेवटची तारीख, नुकसान झाल्यास भरून देण्याचं हमीपत्र. हे गोळा करायला फार वेळ लागत नाही. अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि लिफ्टचा वापर सर्वसाधारण सभेच्या ठरावात असतात, त्या ठरावाची प्रत मागून घ्या.

अर्जाचा खरा जीव नकाशात आहे. एकाच मापात दोन नकाशे द्या, आत्ताचा आणि होणारा. दोन्हींवर सिंक, नाहणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी वाहून जाण्याचं जाळीचं तोंड), पाण्याचा उभा पाइप, गॅसची जागा, कॉलम आणि बीम दाखवा. सोबत कामाचं वर्णन मापांसह: कोणती भिंत किती लांब फोडणार, जुनी फरशी काढणार की तिच्यावरच नवी बसवणार, ओट्याचा दगड किती जाड.

जुन्या फरशीवर नवी बसवायला कमिट्या का कचरतात, तेही समजून घ्या. ४० मिमी सिमेंट-वाळूचा मसाला आणि १० मिमी टाइल मिळून दर चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतात. घरातल्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. फरशीवर फरशी चढवली की निम्मी ऐपत तिथेच खर्च होते. जुनी काढून टाइल अ‍ॅडेसिव्हच्या पातळ थरावर नवी बसवणार असाल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, शंका तिथेच मिटते.

सिंक सरकवण्याचा हिशोबही नकाशात दिसायला हवा. सांडपाण्याच्या पाइपला ४० ला १ असा उतार धरला, तर सिंक तीन मीटर लांब नेल्यावर ७५ मिमी उतार लागतो. शिवाय पाइपची स्वतःची जाडी. हे ओट्याखालून, फरशीच्या वरून बसत असेल तर ठीक. बसत नसेल तर ठेकेदार उतार कमी करतो आणि पाइप वारंवार तुंबतो, नाहीतर स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्यांच्या छताला लटकवतो. दुसऱ्या प्रकाराला खालच्या सभासदाची लेखी संमती नसेल तर कमिटी हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. स्वयंपाकघरच दुसऱ्या खोलीत हलवायचं असेल तर खाली कोणाची झोपायची खोली येते, ते आधी पाहा.

भिंत पाडणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडा. जाडी पाहून ‘ही चार इंची, म्हणजे पार्टिशनच’ असं ठेकेदाराने म्हणणं पुरेसं नाही. इमारत जुनी असेल तर शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची) प्रतही लावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. ऑडिट झालंच नसेल तर तोडफोडीच्या अर्जावर कमिटी थांबली, हे योग्यच.

गॅस आणि वीज

पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप हलवण्याचा अर्ज गॅस कंपनीकडे वेगळा करावा लागतो. प्लंबरकडून ते काम करून घेऊ नका. हा अर्ज सोसायटीच्या अर्जासोबतच टाका, कारण ओटा तयार आणि गॅस नाही ही अवस्था फार ठिकाणी दिसते. कपाटांच्या नकाशात गळलेला गॅस बाहेर जायची जाळी कुठे आहे तेही तपासा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून कपाटाला जाळी खाली हवी. पाइपचा गॅस हलका, त्याला वाट वर लागते. सुतार दोन्हीकडे एकच दार लावून मोकळा होतो.

इंडक्शन, ओव्हन, डिशवॉशर यांतलं एकेक उपकरण दोन किलोवॅटच्या आसपास वीज घेऊ शकतं. बिलावरचा मंजूर भार पाहा. तो कमी पडत असेल तर महावितरणकडे, किंवा मुंबईत तुमच्या वीज कंपनीकडे, भारवाढीचा अर्ज करा. त्यासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, म्हणून वायरिंग करणारा परवानाधारक आहे का, हे काम देण्याआधीच विचारा.

अर्ज दिल्यावर

दोन प्रती द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. परवानगीचं पत्र हाती आलं की अटी ठेकेदाराला वाचून दाखवा. कॉलम-बीममध्ये झिरी मारायची नाही, ही अट सर्वात जास्त मोडली जाते. वायर लपवायला कॉलमवर कटर फिरतो, सळई उघडी पडते, आणि त्यावर पुट्टी मारली की कोणाला दिसत नाही.

हातोडा पडण्याआधी खालच्या फ्लॅटच्या छताचे तारखेसह फोटो काढा आणि त्या सभासदाची सही घ्या. जुना ओल्याचा डाग नंतर तुमच्या नावावर लागत नाही, आणि नवा असेल तर नाकारताही येत नाही. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा, खाली जाऊन छत पाहा, मगच टाइल बसवा.

राडारोडा रस्त्याकडेला किंवा सोसायटीच्या कचरापेटीत टाकता येत नाही. गोण्या भरून तो महापालिकेने ठरवलेल्या केंद्रावर किंवा तिच्या उचलण्याच्या सेवेकडे द्यायचा. ही जबाबदारी कोणाची, ते ठेकेदाराच्या करारातच लिहून टाका, नाहीतर शेवटच्या दिवशी तो गोण्या जिन्याखाली ठेवून जातो.

काम संपल्यावर कमिटीला लेखी कळवा, पाहणी करून घ्या आणि अनामत परत मागा. टाइलखाली गेलेल्या पाइप-वायरिंगचे, शेजारी टेप धरून काढलेले फोटो परवानगीच्या पत्रासोबत जपून ठेवा. पुढे भिंतीत ड्रिल मारायची वेळ आली की तेच पाहावे लागतात.