नेटबुक कुठून आलं, आणि किनाऱ्यावर त्याचं काय झालं

पंधरा-वीस हजारांत मिळणारा अकरा इंची लॅपटॉप घ्यावा का, असं दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बरेच जण विचारतात. त्यांत होमस्टेवाले असतात, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारे बागायतदार असतात, झेडपीचे शिक्षक आणि मच्छीमार सोसायटीचे सचिवही असतात. जाहिरातीतल्या आकड्यांवरून याचं उत्तर मिळत नाही. ही यंत्रं नेटबुक नावाच्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपांच्या वंशातली. त्यांचे गुणदोष बहुतांशी २००७ ते २०१० या काळात ठरले, आणि ते ठरवताना रोहिण्यांपासून दिवाळीपर्यंत ओली राहणारी हवा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

एक अपवाद होता, आणि तो योगायोगाने आपल्याच भागात येऊन गेला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्यातून निघालेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत मुलांच्या हाती आला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्येच या योजनेला नकार दिला होता, त्यामुळे हा प्रयोग सरकारी खरेदीपर्यंत गेला नाही. किंमतही शंभर डॉलरवर न थांबता दोनशेच्या जवळ गेली. यंत्र म्हणून मात्र तो दमट मुलखाला शोभणारा होता. त्याला पंखा नव्हता, हार्ड डिस्क नव्हती, कीबोर्डवर सलग रबराचं आवरण होतं आणि पडदा भर उन्हात वाचता यायचा. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम एवढ्यावर तो चालायचा, म्हणून वीजही जेमतेम लागायची. पुढच्या नेटबुकांनी त्याचा छोटा आकार आणि कमी किंमत तेवढी उचलली. रबर, बंद बांधणी आणि उन्हातला पडदा मागेच राहिला.

बाजारात खरी गडबड उडवली तैवानच्या आसुस कंपनीच्या ईईई पीसी ७०१ने. जून २००७मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात तो दाखवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये तैवानमध्ये विक्रीला आला. पडदा सात इंची, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा. वजन ९२० ग्रॅम. रॅम ५१२ एमबी, साठवण ४ जीबी, आणि आत विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन होता, पण तो मुद्दाम ६३० मेगाहर्ट्झवर ठेवलेला असायचा. आपल्याकडे एचसीएलने २००८च्या सुरुवातीला मायलीप ही मालिका आणली आणि सर्वांत स्वस्त मॉडेल चौदा हजारांच्या आसपास ठेवलं. तेव्हा बरा लॅपटॉप पस्तीस-चाळीस हजारांच्या खाली मिळत नसल्यामुळे हा आकडा ऐकून लोक दुकानात चौकशी करू लागले.

मग २००८च्या जूनमध्ये इंटेलचा अॅटम एन२७० हा प्रोसेसर आला आणि नेटबुकचा साचा पक्का झाला. एसर अस्पायर वन, एमएसआय विंड, डेलचा मिनी ९, सॅमसंगचा एनसी१० ही सगळी त्याच साच्यातली. हा प्रोसेसर फक्त अडीच वॅटचा होता आणि जाहिरातीत तेवढंच सांगितलं जायचं. त्याच्या जोडीला असलेला ९४५ मालिकेचा चिपसेट (प्रोसेसरला रॅम, पडदा वगैरेंशी जोडणाऱ्या चिपा) मात्र जुना होता आणि प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त वीज खायचा. बहुतेक वेळा एवढ्याशा यंत्राला पंखा लागायचा तो या जोडीदारापायी. २०१०च्या सुरुवातीला आलेल्या एन४५०मध्ये ग्राफिक्स आणि रॅमचं नियंत्रण प्रोसेसरच्याच चिपवर गेलं, तेव्हा कुठे हा खर्च आवरला. एन४५० आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. तो ६४ बिटी होता, एन२७० फक्त ३२ बिटी, म्हणजे आजची बरीच सॉफ्टवेअरं न चालणारा. कपाटातलं जुनं नेटबुक बाहेर काढणाऱ्याने आधी हेच तपासावं. डेबियनसारख्या जुन्याला धरून राहणाऱ्या लिनक्सनेही २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटी यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे.

सगळी नेटबुकं एकसारखी का दिसायची, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात आहे. विंडोजची तेव्हाची नवी आवृत्ती व्हिस्टा या यंत्रांवर चालणं शक्य नव्हतं आणि लिनक्स पुढे सरकत होतं. म्हणून २००८मध्ये कंपनीने जुन्या विंडोज एक्सपी होमची मुदत फक्त छोट्या स्वस्त संगणकांसाठी वाढवली, पण अटी घालून. रॅम १ जीबीपर्यंतच, पडदा छोटाच, हार्ड डिस्क आधी ८० आणि नंतर १६० जीबीपर्यंत. स्वस्त परवाना हवा तर या मापात बसा, असा हा सौदा होता. २००९च्या विंडोज ७ स्टार्टरने त्यात आणखी किरकोळ बंधनं घातली. त्यात डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नसे!

या काटछाटीचा मराठी वापरणाऱ्यांना वेगळाच जाच झाला. एक्सपीवर युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) देवनागरी नीट दिसायला ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे. ती केली की यंत्र एक्सपीची सीडी मागायचं, आणि नेटबुकला सीडी ड्राइव्हच नव्हता. कारखान्यातून येताना हार्ड डिस्कवर ‘आय३८६’ नावाचा फोल्डर ठेवलेला असेल तर तिकडे बोट दाखवून काम व्हायचं. नसेल तर दुसऱ्या संगणकावरून तो पेन ड्राइव्हवर आणावा लागे. हे ठाऊक नसलेल्यांच्या यंत्रावर वेलांटी अक्षराच्या उलट बाजूला पडायची, जोडाक्षरं फुटायची, आणि दोष मात्र ‘स्वस्तातल्या मशीनला’ मिळायचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप करणाऱ्यांना ही अडचण आली नाही, पण सरकारी कामात युनिकोडचा आग्रह वाढत गेला तसा तो रस्ताही अरुंद झाला.

दुसरा जाच पडद्याच्या उंचीचा. १०२४ बाय ६०० ठिपक्यांत ६०० हा आकडा घातक होता. बहुतेक प्रोग्रामांच्या चौकटी ७६८ ओळी धरून आखलेल्या, त्यामुळे ‘ओके’चं बटण पडद्याखाली जायचं. लिनक्सवर ऑल्ट दाबून चौकट वर ओढता यायची, एक्सपीवर लोक अंदाजाने एंटर मारायचे. ऑनलाइन फॉर्म भरताना हा अंदाज महागात पडायचा. त्यानंतरच्या अकरा इंची यंत्रांवर १३६६ बाय ७६८चा पडदा आला आणि हा प्रश्न संपला. आता कोणी जुनं दहा इंची नेटबुक स्वस्तात देऊ केलं, तर त्यावर आपलं रोजचं एक संकेतस्थळ उघडून खालचं बटण दिसतं का, एवढं पाहिलं तरी निर्णय होतो.

किनाऱ्यावर मात्र वेग आणि पडदा यांपेक्षा वीज, हवा आणि दुरुस्ती या गोष्टींनीच यंत्राचं आयुष्य ठरवलं.

विजेत नेटबुक निर्विवाद सरस होतं. त्या वर्षांत महाराष्ट्रात गावोगाव भारनियमन होतं. जुन्या धाटणीचा डेस्कटॉप आणि डबा मॉनिटर मिळून दीडशे ते दोनशे वॅट घेत, अॅटमवालं नेटबुक दहा-बारा. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते. ती निम्म्याच्या खाली उतरवू नये हे धरलं तर हाती नऊशे उरतात. त्यावर डेस्कटॉप साडेचार ते सहा तास चालेल, नेटबुक तीन-चार दिवसांची कामं उरकेल. यात एक मेख आहे. रिकामा चालू असलेला इन्व्हर्टर स्वतःच दहा-वीस वॅट खातो, म्हणजे नेटबुकइतके किंवा त्याहून जास्त. त्यामुळे लांबच्या खंडित काळात इन्व्हर्टर दोन तास लावायचा, यंत्र आणि फोन एकदम चार्ज करायचे आणि तो बंद करायचा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे हाच हिशेब कामाला येतो.

आसुसच्या ९०१ आणि १००० या मॉडेलांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा होता, म्हणून काहींना ती थेट गाडीच्या किंवा बोटीच्या बॅटरीला जोडण्याचा मोह होई. इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या वर दाब येतो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर नसेल तर आतला चार्जिंगचा भाग जळू शकतो. बाकी बहुतेकांचे अडॅप्टर १९ व्होल्टचे होते, तो प्रश्नच आला नाही. बॅटरी तीन सेलची असेल तर साधारण २४ वॅट-अवर, म्हणजे दोन-सव्वादोन तास. सहा सेलची असेल तर दुप्पट. दुकानदार मॉडेलचं नाव सांगायचे आणि सेल किती ते सांगायचे नाहीत. एकाच मॉडेलबद्दल दोघांची मतं टोकाची असायची, त्यामागे बहुधा हेच कारण असे.

हवेचं मात्र उलट झालं. पंखा खारी, ओली हवा आत ओढतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात तिचा थर आधी चार्जिंगच्या पिनेवर, मग यूएसबीच्या तोंडाशी आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो. लक्षण ठरलेलं: बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा. अशा वेळी मदरबोर्ड गेला म्हणून सांगणारे भेटतात, पण पहिला संशय रॅमवर घ्यावा. बॅटरी काढायची, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवायचं, रॅमची पट्टी बाहेर काढून तिच्या पट्ट्यांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, चुरा झटकायचा, खाचेत आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूर्ण वाळू द्यायचं आणि पट्टी परत बसवायची. डेलच्या मिनी ९मध्ये किंवा ईईई पीसी १०००एचमध्ये खालचं झाकण उघडलं की रॅम हाती यायची. पहिल्या अस्पायर वनमध्ये तिच्यापर्यंत पोचायला कीबोर्डपासून सगळं उसवावं लागे. दोन्हींची कागदावरची वैशिष्ट्यं सारखी, पण रत्नागिरी-चिपळूणला जाऊन यायला एक दिवस मोडतो तिथे हे झाकण रॅमच्या आकड्यापेक्षा मोलाचं ठरलं.

मिनी ९ला पंखाही नव्हता आणि हार्ड डिस्कही नव्हती. फिरती हार्ड डिस्क असलेली यंत्रं एसटीच्या धक्क्यांत आणि घाटरस्त्यांत चालू ठेवली की डिस्कवर खराब सेक्टर पडायचे. सुरुवातीच्या स्वस्त एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या, चिपांवरच्या साठवणीला) धक्क्याचं भय नव्हतं, पण छोट्या फायली लिहिताना त्या रडायच्या. अस्पायर वनची ८ जीबीवाली आवृत्ती एक्सपीवर क्षणोक्षणी थबकायची, म्हणून लोक हार्ड डिस्कवाली घ्यायचे. जाग्यावर बसून काम असेल तर ते बरोबरही होतं.

पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या यंत्राचा आणखी एक नेहमीचा रोग आहे. घड्याळाची तीन व्होल्टची चपटी बॅटरी बसते, चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग बँकेचं, सातबाऱ्याचं, कुठलंच सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. प्रमाणपत्राची चूक दाखवतं. लोक दोष नेटला किंवा व्हायरसला देतात. तारीख सुधारली की चालतं, बॅटरी बदलली की पुन्हा होत नाही.

नेटबुकची लाट ओसरली ती २०१० ते २०१२मध्ये. जानेवारी २०१०मध्ये आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी नेटबुक कशातच सरस नाहीत असं म्हटलं. टॅब्लेट स्वस्त झाले, फोन मोठे झाले, आणि २०१२ संपताना आसुसनेही ही मालिका गुंडाळली. खरेदीदार गेले, गरज तशीच राहिली. टॅब्लेटवर ग्रामपंचायतीचा दाखला किंवा जीएसटीचं विवरण कोणी हौसेने करत नाही.

म्हणून तेच यंत्र वेगळ्या नावाने परत आलं. २०१५मध्ये मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास लॅपबुक, २०१६मध्ये ९,९९९ रुपयांचा आयबॉल कॉम्पबुक. दोन्हींत टॅब्लेटचा अॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. आपल्या हवेच्या दृष्टीने हे दोन पावलं पुढे होतं. पंखा गेला, हार्ड डिस्क गेली, बॅटरी वाढली. पण रॅम आणि साठवण बोर्डाला झाळून टाकली, आणि खोडरबराचा उपाय संपला. बिघडलं की बोर्डच बदला, आणि बोर्डाची किंमत यंत्राच्या जवळपास. ३२ जीबीतले वापरायला २९च असतात. त्यांत विंडोज १०च वीस जीबीच्या आसपास जागा घ्यायचं, त्यामुळे मोठं अपडेट जागेअभावी अडायचं आणि ‘मशीन हळू झालं’ अशी तक्रार यायची. लिनक्स घालायला जावं तर आणखी एक गाठ होती. प्रोसेसर ६४ बिटी, पण यंत्र सुरू करणारं आतलं यूईएफआय सॉफ्टवेअर ३२ बिटी, त्यामुळे नेहमीच्या पेन ड्राइव्हवरून ते सुरूच होत नसे. दोन्ही तऱ्हेचे बूटलोडर असलेली डेबियनची प्रत वापरली की ही गाठ सुटते.

जुलै २०२३मध्ये आलेला जिओबुक याच वंशातला: ११.६ इंच, ९९० ग्रॅम, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, आत ४जी सिम, तेव्हाची किंमत १६,४९९ रुपये. वजन तेच सोळा वर्षांपूर्वीच्या ७०१च्या जवळपासचं. आतला प्रोसेसर मोबाइलचा आणि प्रणाली कंपनीची स्वतःची, म्हणून विंडोजवरच चालणारा टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर तो बाद. फक्त ब्राउझरवर काम असेल तर चालेल, पण आधी आपल्या घरात त्या नेटवर्कची रेंज अंगणात न जाता मिळते का ते पाहावं.

विंडोजवालं घ्यायचं असेल तर विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. किमान अटीवरचं यंत्र घेणं म्हणजे २००९ची १ जीबी पुन्हा विकत घेणं. ८ जीबी रॅम असावी, साठवणीच्या रकान्यात ईएमएमसीऐवजी (बोर्डाला झाळलेली, हळू साठवण) एसएसडी लिहिलेलं असावं, आणि ती खाचेत बसवलेली आहे का हे दुकानदाराला विचारून घ्यावं. चार्जिंग यूएसबी-सीने होत असेल तर उत्तम, तालुक्याच्या गावीही दुसरा चार्जर मिळतो. पंखा नसेल तर आणखी बरं. पावसात यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं, पुड्या महिन्याभराने वाळवाव्यात, आणि आठवड्यातून एकदा ते तासभर चालू करावं, म्हणजे आतली ओल आपल्याच उबेने निघते. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये, निम्म्यावर ठेवावी. जुन्या नेटबुकची बॅटरी फुगून कीबोर्ड वर उचलला गेला असेल तर ते चार्जिंगला लावू नये. बॅटरी निघत असेल तर काढून थेट अडॅप्टरवर चालवावं, बहुतेक जुनी नेटबुकं तशी चालतात.