स्ट्रीम सायफर

संदेशाचा एकेक बिट किंवा बाइट गुप्त किल्लीपासून निर्माण केलेल्या अंकमालेत मिसळून तो वाचता येणार नाही असा करण्याची कूटलेखन पद्धती. या अंकमालेला किल्लीप्रवाह म्हणतात. मिसळणीसाठी बहुधा एक्सॉर ही क्रिया वापरतात : दोन बिट सारखे असतील तर ०, भिन्न असतील तर १. मूळ मजकूर १०११ आणि किल्लीप्रवाह ०११० असेल, तर कूटमजकूर ११०१ येतो. त्याच किल्लीप्रवाहाशी पुन्हा एक्सॉर केले की १०११ परत मिळतो. म्हणून कूटलेखन व उकल यांसाठी एकच यंत्रणा पुरते. संदेश येईल तसतसा तो कूटबद्ध करून पुढे पाठवता येत असल्याने दूरध्वनी, रेडिओ व संगणक जाळे यांत ही पद्धती रुजली.

उगम : पद्धतीचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे अभियंते गिल्बर्ट व्हर्नम यांना देतात. तारयंत्राच्या पाच-बिटी संकेतांत दुसऱ्या छिद्रित फितीवरील संकेत आपोआप मिळवण्याची कल्पना त्यांनी १९१७ च्या सुमारास मांडली व तिचे एकस्व १९१९ मध्ये मिळाले. प्रारंभीच्या रचनेत किल्लीची फीत वेटोळ्याच्या रूपात पुनःपुन्हा फिरे. फीत पूर्णतः यादृच्छिक असावी आणि तिचा कोणताही भाग दुसऱ्यांदा वापरू नये, हा आग्रह अमेरिकी सैन्यातील जोसेफ मौबॉर्न यांचा, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मात्र सॅक्रामेंटो येथील बँकर फ्रँक मिलर यांनी १८८२ च्या आपल्या तारसंकेत-पुस्तकात एकदाच वापरायच्या संख्या मिळवून मजकूर झाकण्याची रीत सांगितली होती. ही बाब स्टीव्हन बेलोव्हिन यांनी २०११ मध्ये प्रकाशात आणली. मिलर यांची रीत कागद-पेन्सिलीची आणि दशमान संख्यांची होती. एक-वेळ किल्लीची कल्पना मिलर यांची, तर बिटांच्या पातळीवरील स्वयंचलित मिसळणी व्हर्नम यांची, अशी विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. मौबॉर्न यांना मिलर यांचे पुस्तक ठाऊक होते किंवा नाही, याचा निर्णायक पुरावा नाही.

किल्ली खरोखर यादृच्छिक, संदेशाइतकी लांब व एकदाच वापरलेली असेल, तर कूटमजकुरातून मूळ मजकुराविषयी काहीच कळू शकत नाही, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. एवढी किल्ली दोन्ही टोकांना पोहोचवणे व्यवहारात जड जाते. म्हणून स्ट्रीम सायफरमध्ये १२८ किंवा २५६ बिटांच्या छोट्या किल्लीतून लांबलचक, यादृच्छिक भासणारा प्रवाह काढतात. शॅनन यांच्या सिद्धतेचे संरक्षण येथे संपते. पुढची सारी मदार प्रवाह निर्माण करणाऱ्या यंत्रणेवर आणि तो प्रवाह पुन्हा न वापरण्याच्या शिस्तीवर राहते.

प्रवाहनिर्मिती : जुन्या रचनांचा पाया रेषीय प्रतिपोषी शिफ्ट रजिस्टर, म्हणजे एकेक बिट साठवणाऱ्या खान्यांची रांग, हा होता. निवडक खान्यांतील बिटांचे एक्सॉर करून आलेला बिट एका टोकाने आत सरकवतात आणि दुसऱ्या टोकाचा बिट बाहेर पडतो. रजिस्टरात ‘न’ इतके खाने असतील व योग्य खाने निवडले, तर त्याचा क्रम २ चा ‘न’-वा घात वजा १ इतक्या पायऱ्यांनंतरच पुन्हा सुरू होतो. हे आवर्तन प्रचंड असले तरी बर्लेकँप–मॅसी रीतीने (१९६९) केवळ ‘न’ च्या दुप्पट सलग बिटांवरून संपूर्ण रचना काढता येते. म्हणून अनेक रजिस्टरे एकत्र जोडून किंवा त्यांची चाल अनियमित करून रेषीयता (केवळ एक्सॉरने मांडता येणारा साधा संबंध) मोडावी लागते. जीएसएम भ्रमणध्वनीतील ए५/१ मध्ये १९, २२ व २३ खान्यांची तीन रजिस्टरे असून प्रत्येकातील एका ठरावीक बिटाचे बहुमत पाहून कोणती पुढे सरकणार हे ठरते. हा आराखडा गुप्त ठेवला होता, पण १९९९ पर्यंत तो पूर्णपणे उलगडला गेला. तिन्ही रजिस्टरांची मिळून एकूण अवस्था ६४ बिटांचीच असल्याने आधी तयार केलेल्या मोठ्या कोष्टकांच्या साहाय्याने किल्ली काढणे शक्य झाले. लष्करी सायफरांविषयीची प्रसिद्ध माहिती तुटपुंजी आहे.

किल्लीप्रवाहाचा पुनर्वापर : हा सर्वांत घातक दोष होय. दोन संदेश एकाच प्रवाहाने झाकले, तर दोन कूटमजकुरांचे एक्सॉर केल्यावर किल्ली गळून पडते आणि दोन मूळ मजकुरांचे एक्सॉर उरते. त्यात एका मजकुरातील संभाव्य शब्द ताडून पाहत दुसरा उलगडता येतो. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे ४,००० अक्षरांचा जर्मन संदेश लोरेन्झ या कूटलेखन यंत्रावर त्याच मांडणीने दुसऱ्यांदा पाठवला गेला. संदेश हुबेहूब तोच असता तर एक्सॉर शून्य आले असते व काहीच हाती लागले नसते. पण प्रेषकाने दुसऱ्या वेळी काही शब्द आखूड लिहिले. त्यामुळे ब्रिटनमधील जॉन टिल्टमन यांना दोन्ही मजकूर आणि त्यांवरून किल्लीप्रवाह मिळाला. बिल टट यांनी केवळ त्या प्रवाहावरून, यंत्र न पाहता, त्याची बारा चाकांची रचना ताडली. कूटभेदाच्या इतिहासात या कामगिरीला तोड क्वचितच सापडेल. सोव्हिएत संदेशांतील दुबार छापलेल्या किल्ल्यांमुळेही ते संदेश उलगडणाऱ्या अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पाला अशीच वाट मिळाली.

वायफायच्या डब्ल्यूईपी संरक्षणात हीच चूक रचनेतच शिरली. त्यात प्रत्येक पाकिटासाठी (संदेशाच्या तुकड्यासाठी) किल्लीला जोडायचे प्रारंभ-मूल्य २४ बिटांचे, म्हणजे १,६७,७७,२१६ पर्यायांचे होते. मूल्ये यादृच्छिक निवडली तरी सुमारे ४,८०० पाकिटांतच पुनरावृत्तीची शक्यता निम्मी होते.

आरसी४ : रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये रचलेला सायफर. १९९४ मध्ये अनामिकाने इंटरनेटवर प्रसिद्ध करेपर्यंत तो व्यापारी गुपित होता. २५६ बाइटांच्या एका क्रमचयाची (विशिष्ट क्रमाने केलेल्या मांडणीची) सतत अदलाबदल एवढीच त्याची रचना असून साधेपणा व वेग यांमुळे तो सर्वत्र पसरला. मँटिन व शामीर यांनी २००१ मध्ये दाखवले, की त्याच्या प्रवाहातील दुसरा बाइट शून्य येण्याची संभाव्यता अपेक्षित १/२५६ ऐवजी १/१२८ आहे. त्याच वर्षी फ्लूरर, मँटिन व शामीर यांनी डब्ल्यूईपीमधील किल्ली काढण्याची रीत दिली. तेथे उघड पाठवलेले प्रारंभ-मूल्य गुप्त किल्लीच्या आधी जोडले जाई, त्यामुळे किल्लीचे पहिले बाइट हल्लेखोराला आयतेच ठाऊक असत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सुभमय मैत्र व गौतम पाल यांनी आरसी४ च्या क्रमचयातून किल्ली कशी निसटते यावर महत्त्वाचे काम केले. २०१५ मध्ये टीएलएस या इंटरनेटवरील सुरक्षित संपर्काच्या प्रणालीत आरसी४ वापरण्यास मनाई झाली.

अखंडतेचा अभाव : किल्ली न कळताही कूटमजकुरातील एखादा बिट उलटवला, तर उकललेल्या मजकुरातील नेमका तोच बिट उलटतो. रकमेचे स्थान ठाऊक असलेला हल्लेखोर रक्कम न वाचता बदलू शकतो. डब्ल्यूईपीमध्ये यावर सीआरसी-३२ ही बेरीज-तपासणी होती, पण तीही रेषीय असल्याने तिचे बिट त्याच हिशेबाने बदलता येत. गुप्तता म्हणजे सत्यता नव्हे, हा भेद जुन्या रचनाकारांकडून वारंवार निसटलेला दिसतो.

आधुनिक रचना : युरोपातील ‘ईस्ट्रीम’ प्रकल्पाने (२००४–०८) साल्सा२०, ट्रिव्हियम, ग्रेन इ. सायफरांची निवड केली. डॅनियल बर्नस्टाइन यांनी साल्सा२० वरून २००८ मध्ये चाचा हा सायफर सिद्ध केला. त्यात २५६ बिटांची किल्ली, गणक व एकदाच वापरायचे ‘नॉन्स’ मूल्य यांवर बेरीज, फिरवणे व एक्सॉर यांच्या २० फेऱ्या होतात. ब्लॉक सायफर (ठरावीक लांबीचे बिटगट कूटबद्ध करणारा) गणक-पद्धतीने, म्हणजे वाढत जाणारे क्रमांक कूटबद्ध करून, चालवला, तरी तोही स्ट्रीम सायफरच बनतो. टीएलएस १.३ मध्ये चाचा२० सोबत पॉली१३०५ ही प्रमाणन-मुद्रा जोडलेली असल्याने बिट उलटवल्याचे उघडकीस येते. मात्र त्याच किल्लीखाली नॉन्स दुसऱ्यांदा वापरला, तर किल्लीप्रवाह पुन्हा तोच येतो आणि पॉली१३०५ ची एक-वेळ किल्लीही तीच राहते, त्यामुळे बनावट संदेशाला वाव मिळतो. नॉन्स यादृच्छिक निवडूनही पुनरावृत्तीचे भय नगण्य राहावे, यासाठी एक्सचाचा२० मध्ये तो १९२ बिटांचा केला आहे.