मोठा दाणा, दणकट रोप: नुसत्या चाळणीनं भागत नाही

बियाणं घ्यायला आलेले बरेच जण आधी मूठभर दाणे हातात घेऊन साईज बघतात, आणि त्यात चूक काही नाही. रोपाची पानं स्वतःचं अन्न करायला लागेपर्यंत त्याला दाण्यातली शिदोरीच पुरवायची असते, ती जास्त असली की पहिलं पान रुंद निघतं, मुळं लवकर खाली जातात आणि जरा खोल पडलेलं बी पण वर येतं.

पण एकाच सरळ (म्हणजे हायब्रीड नसलेल्या) वाणाच्या ढिगातून चाळणीनं मोठे दाणे काढले की वाण सुधारला, असं कुणी समजू नये. गव्हासारख्या स्वपरागीत (स्वतःच्याच परागावर दाणा धरणाऱ्या) पिकात एका वाणाचे सगळे दाणे आनुवंशिकतेनं जवळजवळ सारखेच, एक ओंबीच्या मधे होता म्हणून भरला, दुसरा टोकाला होता म्हणून बारीक राहिला, एवढंच. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी 1903 साली घेवड्यावर हेच दाखवलं होतं, शुद्ध वाणातला मोठा दाणा लावा नाहीतर छोटा, पुढच्या पिढीत दाण्याचं सरासरी वजन तेच येतं. म्हणजे चाळलेलं बी यंदाच्या उगवणीला फायद्याचं (ग्रेडिंग आम्ही पण करतोच), पण त्याच्या पिकातून ठेवलेलं बी परत पहिल्यासारखंच.

वाणच बदलायचा तर क्रॉस, म्हणजे दोन वाणांचा संकर करावा लागतो. मोठ्या दाण्याची लाइन (एकसारख्या झाडांचा वंश) आणि चांगल्या उताऱ्याची लाइन घेऊन त्यांचा संकर करायचा, दुसऱ्या पिढीपासून झाडं वेगवेगळी दिसायला लागतात, त्यातली निवडत निवडत सहा-सात पिढ्या गेल्या की लाइन एकसारखी होते, मग वेगवेगळ्या ठिकाणी ट्रायल. ट्रायल टाळता येत नाही, कारण दाणा भरताना ऊन तापलं की चांगल्या वाणाचा पण दाणा चिमतो आणि साध्या वाणाला भरपूर पाणी मिळालं की तो उगाच भाव खाऊन जातो. त्यातल्या त्यात बरं हे की दाण्याचं वजन हा गुण पुढच्या पिढीत उत्पन्नापेक्षा बराच पक्का उतरतो. भातात तर 2007 मधे जीडब्ल्यू-2 नावाचा जनुक सापडला, तो दाण्याची रुंदी आवरून धरतो, निकामी झाला की दाणा रुंद आणि वजनदार होतो.

आता जे पाकिटावर कुणी छापत नाही ते सांगतो. दाणा मोठा झाला की बहुतेक वेळा कणसातले दाणे कमी होतात, त्यामुळे मोठा दाणा म्हणजे जास्त उत्पन्न हे समीकरण धरू नका. आणि रोपाचा जोर पण नुसत्या साईजवर नसतो. गव्हाचे बुटके वाण घ्या, जपानच्या नोरिन-10 मधून आलेल्या बुटकेपणाच्या जनुकांनी पीक लोळायचं थांबलं, पण कोंबाला माती फोडून वर नेणारं आवरणही त्यांनीच आखूड केलं, मग बी खोल पेरलं की पान मातीतच अडकतं, दाणा कितीही टपोरा असो. म्हणून आता ब्रीडर (नवे वाण तयार करणारे) आरएचटी-8, आरएचटी-18 असे बुटकेपणाचे दुसरे जनुक वापरून बघतात, त्यात झाड बुटकं राहतं आणि आवरण लांब राहतं. खोल पेरणी करणाऱ्यांनी दाण्याआधी हे विचारावं, आमचं स्पष्ट मत.

शेवटचं, पेरणीचं प्रमाण. दाणा मोठा असला की किलोत दाणे कमी बसतात, जुन्याच मापानं पेरलं तर रान विरळ होणार आणि बोलणी बियाण्याला बसणार. हिशोब सोपा आहे: चौरस मीटरला हवी तेवढी रोपं गुणिले हजार दाण्यांचं ग्रॅममधलं वजन, भागिले उगवण टक्के, आलं हेक्टरी किलो. 200 रोपं हवी, वजन 40 ग्रॅम, उगवण 90 टक्के तर साधारण 89 किलो, तेच वजन 50 ग्रॅम असलं तर 111. हे वजन लॉटनुसार बदलतं, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरू नका, पेरायच्या आधी हजार दाणे मोजून काट्यावर टाका आणि मगच पेरणी यंत्र सेट करा.